आधी चराचं तोंड बांधा: तापीकाठच्या एका निचरा चराचं प्रकरण

खोदला तेव्हा चर ३ फूट रुंद आणि ४ फूट खोल होता. लांबी ४०० मीटर. तीन पावसाळे उलटले आणि नाल्याकडच्या शेवटच्या दीडशे मीटरांत तो सरासरी ८ फूट रुंद, ६ फूट खोल झाला. हिशेब मांडला तर तेवढ्या तुकड्यातून सुमारे पावणेदोनशे ब्रास माती गेली. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, घराच्या जोत्यात मुरूम टाकून घेतलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ही सगळी माती नाल्यात गेली, तिथून तापीत.

हे शिवार नकाशावर शोधू नका. अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या काळ्या रानात दिसणाऱ्या चरांवरून हे नमुना प्रकरण बांधलं आहे. मापं हिशेबासाठी ठरवलेली आहेत, माणसांना खरी नावं नाहीत. मात्र पाणी, माती आणि दगड यांचं वागणं जसं असतं तसंच लिहिलं आहे.

वरच्या अंगाला आप्पांचं रान, खालच्या अंगाला बापूंचं. दोघांच्या सामाईक बांधाला लागून चर उतरतो आणि गावनाल्याला मिळतो. नाल्याच्या काठाने थोडं खाली गेलं की गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर. चरात येणारं पाणी एकट्या आप्पांचं नाही. वरच्या पाच खातेदारांचं मिळून सुमारे ४५ एकर रान तिथे ओततं.

चर खोदण्यामागचं कारण खरं होतं. आप्पांच्या रानात मधोमध लवण, म्हणजे खोलगट जागा आहे. भाद्रपदात दोन दिवस झड लागली की तिथे पाणी तुंबतं आणि जमीन चिबडते. आधी ताण बसलेली कपाशी अचानक पाण्यात उभी राहिली की दोन दिवसांत पानं लोंबायला लागतात. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. बोंडं धरलेलं झाड डोळ्यांसमोर माना टाकतं. अशा शेतकऱ्याला ‘चर खोदू नका’ असं सांगणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वर असतं, ती एकदा फुगली की पाणी खाली जवळजवळ जातच नाही. निचरा लागतोच. तो कसा काढायचा, एवढाच प्रश्न.

आप्पांनी जेसीबी लावला, अर्ध्या दिवसात बादलीच्या रुंदीचा सरळ उभ्या काठांचा चर मारला आणि निघालेली माती दोन्ही काठांवर ढीग करून टाकली. त्या वर्षी कपाशी वाचली. पुढच्या वर्षी बापूंचा बांध ढासळायला लागला, आणि बांधावर आवाज चढले. बापूंचं म्हणणं एका वाक्यात होतं: “तुना चरनं पानी मना वावरमा घुसस!” आप्पांचं उत्तरही ठरलेलं: पाणी उताराला जाणार, मी काय त्याला वर चढवू?

कुठे तुटलं

पाहणीला गेलेला माणूस सहसा वरून सुरुवात करतो. पाणी कुठून येतं, किती येतं, कुणाचं येतं. भांडणही त्याच दिशेने चालतं. या प्रकरणात उत्तर मात्र खालच्या टोकाला, चर नाल्याला मिळतो तिथे होतं.

चर खोदला गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावनाल्याचं खोलीकरण झालं. नाल्याचा तळ पाचेक फूट खाली गेला. खोलीकरण मुळात वाईट नसतं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी जे काम उभं केलं त्यात नाले रुंद-खोल केले, पण जोडीला सिमेंट बंधाऱ्यांची साखळी होती, म्हणजे पाणी आणि तळ दोन्ही जागोजागी धरून ठेवलेले होते. इथे नुसती माती उपसली. नाल्याचा तळ उतरला आणि चराचं तोंड हवेत लटकलं. पहिल्याच मोठ्या पावसात तिथे पाच फुटांचा धबधबा तयार झाला.

त्या कड्यापाशी पावसात उभं राहिलं तर सगळी रीत दिसते. वर काळ्या मातीचा चिवट थर, खाली तापीच्या गाळाचा पिवळसर, चुनखडीचे खडे असलेला थर. पडणारं पाणी खालच्या पिवळ्या थराला पोखरतं. तो मऊ, साखरेसारखा विरघळून जातो. वरची काळी माती थोडा वेळ छज्जासारखी तग धरते. मग उन्हाळ्यात पडलेल्या भेगेच्याच रेषेवर अख्खी ढेप सुटते आणि धप्पकन खाली येते. पाणी ती ढेप घासून नेतं आणि कडा हातभर वर सरकतो. पुन्हा पोखरणं, पुन्हा ढेप. म्हणजे पाणी वरून खाली वाहतं, पण धूप खालून वर चढते. बापूंचा बांध ढासळला तो आप्पांच्या पाण्याच्या जोरापेक्षा या चढणाऱ्या कड्यामुळे. तापीच्या काठाला अमळनेर, चोपडा, शिरपूर भागात घळींनी फाटलेली जी जमीन दिसते, तिचंही हेच शास्त्र. फक्त तिथे नदीने तळ उतरवला, इथे पोकलेनने.

दुसरं कारण चराच्या आकारात होतं. ४५ एकर म्हणजे साधारण १८ हेक्टर. तासाला ५० मिलिमीटर जोराचा पाऊस पडला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहिलं, तर चराच्या तोंडाशी सेकंदाला सव्वा घनमीटर पाणी येतं. जमिनीला उतार १ टक्का, म्हणजे ४०० मीटरांत ४ मीटर. अरुंद उभ्या चरातून एवढं पाणी जाताना त्याचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास निघतो. उघड्या मातीला पाऊण ते एक मीटरपर्यंतचा वेग कसाबसा सोसतो. दाट गवत असेल तर दीडपर्यंत. इथे गवताची काडी नव्हती, कारण आप्पा दर वर्षी चरात तणनाशक मारून तो ‘स्वच्छ’ ठेवत. स्वच्छ चर ही आपल्याकडची मोठीच प्रतिष्ठेची बाब आहे. पाहुणे आले की दाखवतात.

तिसरं कारण काठावरच्या मातीच्या ढिगांत. त्यांच्यामुळे शेतातलं पाणी चरात सरळ उतरेना. ते ढिगामागे साचायचं, एखादी कमजोर जागा पाहून फोडायचं आणि तिथे आडवी घळ पाडायचं. चर निचऱ्यासाठी खोदला आणि त्याच्याच मातीने निचरा अडवला. त्यात कपाशीची तासं उताराला सरळ चराच्या दिशेने धरलेली, म्हणजे प्रत्येक सरी एक छोटा पाट झालेली.

आणखी एक शंका होती, ती ग्लासभर पाण्याने फिटली. चराच्या काठात उंदरांनी केल्यासारखी बिळं दिसत होती, पण उंदीर नव्हते. तळाजवळच्या पिवळ्या थरातलं सुकं ढेकूळ बोराएवढं घ्यायचं आणि काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं. ढवळायचं नाही. चांगली माती फुटते, तळाशी भुगा होतो, पण पाणी निवळ राहतं. इथे थोड्या वेळात ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला. म्हणजे माती चोपण: सोडियम जास्त, कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, पाण्यात सुटे होतात. अशा मातीत पाणी आतून बोगदे करतं. ही गोष्ट आधी कळली म्हणून पुढचं काम वाया जाण्यापासून वाचलं. चोपण मातीवर नुसते दगड रचले तर दगड जागेवर राहतात आणि त्यांच्या फटींतून खालची माती निघून जाते. वर्षभरात सगळं खचतं. दगडाखाली आधी बारीक वाळू-खडीचा थर द्यावा लागतो, आणि जिथे भराव घालायचा त्या मातीत सोडियम हटवणारं जिप्सम मिसळावं लागतं.

वाद पैशाचा कमी, गुंठ्यांचा जास्त

उपाय कागदावर काढायला फार वेळ लागत नाही. चराचा तळ दीड मीटर रुंद, दोन्ही काठ एकास दोन (मीटरभर उंचीला दोन मीटर आडवे) असे पसरट. उभ्या उतारात ४० सेंटिमीटरच्या सात दगडी पायऱ्या टाकायच्या, म्हणजे ४ मीटरपैकी २.८ मीटर उतार पायऱ्यांवर उतरतो आणि मधल्या तुकड्यांना जेमतेम ०.३ टक्के उरतो. या आकारात आणि गवत धरून तेच सव्वा घनमीटर पाणी ६० सेंटिमीटर खोलीने आणि सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास वेगाने जातं. वेग निम्म्याहून खाली. वर २० सेंटिमीटर मोकळं अंतर धरलं की माथ्याची रुंदी ४.७ मीटर.

अडलं इथेच. जुना चर ३६० चौरस मीटर जागा खात होता, म्हणजे साडेतीन गुंठे. नवा १,८८० चौरस मीटर, साडेअठरा गुंठे. पंधरा गुंठे जास्तीचे कुणाच्या सातबाऱ्यातून? निचऱ्याच्या बहुतेक योजना याच प्रश्नावर मोडतात आणि दोष मात्र निधी नसण्यावर जातो. गुंठ्यांचा तिढा सुटला नाही तर फुकट मिळालेलं जेसीबीसुद्धा पुन्हा तीन फुटांचीच नाली मारून जातं.

मधल्या काळात बापूंनी चराचं तोंड मातीच्या बांधाने बुजवायची तयारी केली होती. कायद्याने ते अंगाशी आलं असतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह विनापरवाना अडवला आणि त्यातून शेतीचं नुकसान झालं, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावून तो अडथळा काढून घेता येतो. आप्पांना हे कुणीतरी सांगितलंही होतं. पण त्या निकालाने फक्त बांध निघाला असता, कडा तसाच वर चढत राहिला असता. आणि कडा काही बापूंच्या हद्दीवर थांबणार नव्हता. कड्याचा वर चढण्याचा हिशेब आप्पांच्या लवणापर्यंत मांडून दाखवला, तेव्हा बोलणी खरी सुरू झाली.

तोडगा असा निघाला: जागा दोघांनी निम्मी-निम्मी द्यायची. वरच्या बाकी चौघांनी जागेऐवजी दगड, ट्रॉल्या आणि मजुरी घालायची. काठावरच्या गवतावर हक्क ज्याच्या हद्दीत ते उगवेल त्याचा. हे शेवटचं कलम सगळ्यांत उपयोगी पडलं. पंधरा गुंठे ‘गेले’ असं न राहता चाऱ्याचे झाले, आणि चैत्र-वैशाखात खान्देशात हिरव्या चाऱ्याची किंमत दुभतं ठेवणाऱ्याला सांगावी लागत नाही. पाणी सगळ्यांचं तर वाट आणि तिची डागडुजीही सगळ्यांची, हे या मुलखाला नवं नाही. पांझरेच्या काठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सामाईक वाटून घेण्याची रीत, शतकानुशतकं याच समजुतीवर चालली. पुढे विहिरी आणि मोटारी आल्या, पाणी ज्याचं त्याचं झालं आणि चरसुद्धा ज्याचा त्याचा होऊन बसला.

काम

रब्बी निघाल्यावर काम सुरू झालं, ते तोंडापासून. याच्या आधी वर एक फावडंही मारलं नाही. तोंडाशी दीड मीटरचा कडा तोडून एकास चार उताराची सहा मीटर लांब दगडी धाव, म्हणजे पाणी घसरत उतरायची घसरण, केली. मधोमध बशीसारखी खोलगट, म्हणजे पाणी कडांना न जाता मध्येच राहतं. खाली वाळू-खडी, वर खदानीचा काळा दगड, आणि पायथ्याशी नाल्याच्या तळाखाली गाडलेली मोठ्या दगडांची ओळ. सिमेंटचा आग्रह दोघांनीही धरला होता, ‘एकदाच काय ते पक्कं’ म्हणून. काळ्या मातीत पक्कं फार काळ पक्कं राहत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंटची पातळ भिंत तडकते आणि तडकेतून पाणी मागे शिरतं. मोकळे दगड मातीबरोबर थोडे हलतात, बसतात. जिथे पाण्याचा मारा जास्त, तिथे तारेच्या जाळीत बांधले की पुरे.

सात पायऱ्याही त्याच पद्धतीच्या. प्रत्येकीचा मध्यभाग काठांपेक्षा खाली, खाली पाणी आदळतं तिथे दगडी फरसबंदी, आणि दोन्ही बाजूंना दगड काठाच्या आत हातभर-दीड हात शिरवलेले. पायरी समोरून क्वचित मोडते. पाणी बगलेतून वाट काढतं तेव्हा मोडते.

काठावरचे ढीग मोडून माती शेतात पसरली. शेताचं पाणी चरात उतरायच्या जागा ठरवून दिल्या, तिथेही छोट्या दगडी धावा. कपाशीची तासं आप्पांनी निम्म्या रानात आडवी धरली, बाकीच्या निम्म्यात ठिबकच्या नळ्यांची मांडणी बदलायला त्यांची तयारी नव्हती. तिथे चरालगत दोन मीटरची गवताची पट्टी सोडली.

गवतावर मात्र खरी खडाजंगी. काळ्या रानातला शेतकरी बांधावर गवत म्हटलं की हरळी आणि कुंदा डोळ्यांसमोर आणतो. एकदा शिरला की पिढी जाते, कुंदा निघत नाही. भीती अगदी रास्त. म्हणून पायऱ्यांच्या वर-खाली वाळा लावला. तो झुडपाने वाढतो, रांगत नाही, मुळं सरळ खाली जातात. पसरट काठांवर मारवेल, जनावरं आवडीने खातात. चराच्या तळात पहिल्या वर्षी गवत धरेपर्यंत पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आडव्या टाकून खुंट्यांनी ठोकल्या. त्या घेताना उरलेली बोंडं झाडून जाळली. नाहीतर धूप थांबवता थांबवता गुलाबी बोंडअळीला घर बांधून दिलं असतं.

विहिरीचं पाणी

गावाचा सगळा रस विहिरीत होता. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, ते आता निवळ येईल का? इथे सांभाळून बोलायला हवं.

गवताने आणि पायऱ्यांनी वेग मोडला की मातीचे रवे आणि बारीक वाळू खाली बसते. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतं, त्यामुळे डीएपी खतातलं वाहून जाणारं बरंचसं स्फुरद इथे अडतं. कणांना धरून जाणाऱ्या कीटकनाशकांचंही तसंच. पण नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं. ते गवताच्या पट्टीतून सहज निघून जातं किंवा झिरपून थेट विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती पाळायची तर चरात नव्हे, युरियाच्या गोणीपाशी काम करावं लागतं: हप्ते लहान, आभाळ भरून आलेलं असताना टाकायचं नाही, ठिबक आहे तिथे ठिबकमधूनच.

तोंडाच्या थोडं वर एक गाळखड्डा घ्यावा, अशी सूचना होती. घेतलाही, सहा मीटर लांब, तीन रुंद, एक खोल. पण त्याच्याकडून गढूळपणा जाईल ही आशा चुकीची. काळ्या मातीचा सुटा चिकण कण दोन मायक्रॉनहून लहान. स्थिर पाण्यातसुद्धा तो दिवसाला फार तर तीस सेंटिमीटर खाली जातो. मीटरभर बसायला तीन दिवसांहून जास्त, आणि चरातलं पाणी खड्ड्यात मिनिटभरसुद्धा थांबत नाही. खड्डा जाड गाळ पकडतो, तो उन्हाळ्यात काढून रानात टाकता येतो. चिकण कण मात्र एकदा सुटला की गेला. तो ढेकळातच राहावा यासाठी शेणखत, आच्छादन, आडवी पेरणी, चोपण तुकड्यात जिप्सम, हाच मार्ग. आणि फवारणीचा पंप चराच्या पाण्यात धुणं बंद. हे लिहायला लागतं याचं वाईट वाटतं, पण पंप धुवायला सगळ्यांत सोयीची जागा चरच असते.

अमेरिकेत ओहायो-इंडियानाच्या मक्याच्या पट्ट्यात दोन टप्प्यांचे चर करतात: मध्ये अरुंद वाहती नाली आणि दोन्ही बाजूंना गवताळ ओटे. पूर ओट्यांवर पसरतो, मंदावतो, आणि ओल्या ओट्यांतले जीवाणू काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडतात. तिकडे शेताखालच्या नळ्यांचं पाणी चरांना लांब काळ मिळतं, ओटे ओले राहतात. आपला चर दिवाळीनंतर कोरडा ठक्क पडतो. मग ओट्यांवर शेळ्या चरतात, जीवाणू नव्हे. त्या आकाराचा हट्ट इथे धरण्यात अर्थ नव्हता, रुंद तळ आणि पायऱ्या पुरेशा होत्या.

पहिला पावसाळा

तोंडाची धाव टिकली. तिच्या पायथ्याचे काही दगड नाल्याच्या पुरात सरकले, ते परत बसवले. तिसरी पायरी डाव्या बगलेने फुटली. तिथे आप्पांच्या रानातून एक सरी चुकून मोकळी सुटली होती आणि तिचं पाणी पायरीच्या मागेच उतरत होतं. दगड आणखी आत शिरवले, सरीचं तोंड वळवून ठरलेल्या धावेत सोडलं. वाळा बहुतेक लागला. मारवेल पाचव्या पायरीखाली विरळ राहिला, कारण तिथे चोपण जास्त, आणि जिप्सम टाकूनही एका वर्षात माती सुधारत नाही. लवणात पाणी तुंबायचं थांबलं, पण उतरायला पूर्वीपेक्षा काही तास जास्त लागतात. आप्पांची ही तक्रार खरी आहे. पसरट, गवताळ चर पाणी हळूच नेणार.

करार स्टॅम्प पेपरवर झाला आहे. चरात आणि काठांवर तणनाशक मारायचं नाही, पहिली दोन वर्षं गवत कापून न्यायचं, चराई नाही, गाळखड्डा अक्षय्य तृतीयेच्या आत रिकामा करायचा, प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन्ही घरांपैकी एकाने सातही पायऱ्या पाहून यायच्या. वरच्या पाचव्या खातेदाराने दगडाच्या दोन ट्रॉल्या दिल्या पण सही केलेली नाही. त्याचं रान बटाईने दिलेलं आहे, आणि बटाईदार दर वर्षी बदलतो. त्याची तासं अजून उताराला सरळच आहेत, आणि सगळ्यांत गढूळ पाणी त्याच बांधावरून येतं. पुढच्या पेरणीआधी नव्या बटाईदाराशी बोलायचं ठरलं आहे, ते मालकाला सोबत घेऊनच.